बंद गाडी, चालता रस्ता

गाडी बंद पडली की माणूस आधी बॉनेट उघडतो. इंजिनातलं त्याला काही कळो वा न कळो. खाली उतरायचं, पुढे जायचं, झाकण वर करून दांडी अडकवायची आणि आत बघत उभं राहायचं, हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्या वेळी आपली पाठ कुणीकडे आहे याचा विचारही मनात येत नाही. तोवर मागच्या सीटवरची मंडळी पाय मोकळे करायला उतरतात. कुणी डिकीला टेकून फोन लावतं, कुणी लहान मुलाला कडेला घेऊन जातं, आणि उशीर होणार असं दिसलं की पिशवीतून डबे निघतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या साईडपट्टीवर सतरंजी अंथरून, बंद गाडीच्या सावलीत जेवायला बसलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. चार-सहा हातांवरून शंभरच्या वेगाने गाड्या जात असतात आणि सतरंजीवर कुणीतरी लोणच्याची पुडी सोडत असतं.

मला त्या माणसांचा राग येत नाही, काळजी वाटते. त्यांच्या मनात त्या घडीला गाडीखेरीज दुसरं काही नसतं. काय बिघडलं असेल, खर्च किती येईल, मुहूर्त गाठता येईल का. गाडी हा मध्यमवर्गीय घरातला मोठा ऐवज आहे. तिला काही झालं की घरातलं माणूस आजारी पडावं तसे आपण सगळे तिच्याभोवती गोळा होतो. आणि नेमकं तेच करायचं नसतं. बंद पडलेली गाडी तासभर तशीच उभी राहिल्याने आणखी बिघडत नाही. तिच्याजवळ थांबणाऱ्या माणसांना मात्र त्या तासात काहीही होऊ शकतं.

हिशेब अगदी साधा आहे. ताशी शंभर किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. मागून येणाऱ्या चालकाला समोर काहीतरी उभं आहे हे दिसलं, ते आपल्याच वाटेत आहे हे उमगलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात सरासरी दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच चाळीस मीटर संपले. त्यापुढे कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची मोटार थांबायला आणखी पन्नास-साठ मीटर घेते. रात्री डिपर खाली असेल तर समोरचं नीट दिसतं ते साधारण पन्नास मीटरपर्यंत. दिव्याविना उभी असलेली काळी किंवा करडी गाडी त्याला दिसते, तेव्हा ती टाळणं त्याच्या हातात उरलेलंच नसतं. तो झोपेत नसला, प्यायलेला नसला, फोनवर बोलत नसला तरीही. भरलेला ट्रक असेल किंवा पाऊस पडत असेल, तर हे अंतर कितीतरी वाढतं.

जून २०१६ मध्ये याच द्रुतगती मार्गावर पनवेलजवळ जे घडलं ते अनेकांना आठवत असेल. टायरच्या बिघाडामुळे एक मोटार कडेला थांबली होती. तिच्याजवळ दुसरी गाडी थांबली होती. मागून आलेली आराम बस पहाटे त्या दोन्ही गाड्यांवर आदळली आणि सतरा माणसं गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एक मिनी बस थांबलेल्या ट्रकवर मागून आदळली. त्यात बारा जणांचा जीव गेला. पनवेलजवळच्या गाड्या तर कडेलाच उभ्या होत्या. ‘कडेला घेतली होती ना’ एवढ्यावर आपण निश्चिंत होतो. पण साईडपट्टी म्हणजे भिंतीआडची जागा नव्हे, पांढऱ्या रंगाच्या एका पट्ट्याने रस्त्यापासून वेगळी केलेली जागा आहे. पेंगुळलेल्या चालकाची गाडी हळूहळू डावीकडे सरकते ती याच पट्ट्यावर.

माझ्यावर हा प्रसंग आला तो डोंबिवलीहून लग्न आटोपून पुण्याला परतताना. गाडी मी चालवत होते, शेजारी भाची आणि मागे सासूबाई. खालापूरचा टोलनाका मागे पडला होता, घाट अजून चढायचा होता. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पुढून ‘फट’ असा आवाज आला, मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागला आणि त्याच क्षणी स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. इंजिन चालू होतं. मग तापमानाचा काटा चढायला लागला. बेल्ट तुटला होता. आमच्या त्या जुन्या गाडीत एकाच बेल्टवर अल्टरनेटर, पाण्याचा पंप आणि स्टिअरिंगचा पंप फिरत असे, त्यामुळे एक पट्टा गेला आणि तिन्ही कामं एकदम थांबली.

अशा वेळी मिळणारी पहिली मिनिटं मोलाची असतात, कारण गाडी अजून चालत असते. तेवढ्यात डावीकडची लेन गाठता येते, वेग कमी करता येतो, वळणाच्या तोंडाशी किंवा पुलावर थांबायचं टाळता येतं. इंजिन पार बंद पडलं तरी गाडी आपल्या वेगाने बरीच पुढे जाते. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. स्टिअरिंग फिरतं, पण दोन्ही हातांचा जोर लावावा लागतो. आणि ब्रेक लागतो, पण बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोनदा दाबण्यापुरताच शिल्लक असतो. म्हणून पेडल सारखं सारखं न दाबता एकदाच, सलग दाबायचं. त्यानंतर ते कडक होतं, तरी पूर्ण ताकद लावली तर गाडी थांबते. चावी मात्र बाहेर काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंग कुलूपबंद होतं. उतारावर तर इंजिन आपणहून बंदच करू नये. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर इतके अपघात झाले आहेत की पुण्यात त्या उताराचं नाव काढलं तरी माणसं गप्प होतात. तिथल्या प्रत्येक चर्चेत डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची अवजड वाहनांची सवय निघतेच. उतारावर चालू इंजिन हाही एक ब्रेकच असतो.

मी गाडी पट्ट्याच्या बाहेर, कठड्याला शक्य तितकी खेटून घेतली. चारही इंडिकेटर लावले, चाकं डावीकडे वळवून ठेवली आणि भाचीला म्हटलं, “डाव्या दाराने उतर, आईंना पण डावीकडूनच घे.” सासूबाई उतरायला तयार नव्हत्या. त्यांचे गुडघे दुखत होते, अंगावर लग्नातली जरीची साडी होती आणि बाहेर मिट्ट काळोख. “अगं, गाडीत काय वाईट आहे? दारं लावून बसते मी. बाहेर साप-किरडू असलं तर?” त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. गाडीत बसल्यावर आपण घरात असल्यासारखं वाटतं. चार दारं असतात, दिवा असतो, पाण्याची बाटली हाताशी असते. तेवढ्यात शेजारून एक कंटेनर गेला. त्याच्या वाऱ्याने आमची उभी गाडी स्प्रिंगांवर डावी-उजवीकडे हलली, आरशाला बांधलेला लग्नाचा गजरा डोलत राहिला. सासूबाईंनी काही न बोलता पर्स उचलली आणि पाय बाहेर टाकला.

कठडा त्यांना ओलांडता येणार नव्हता. म्हणून कठड्याला अगदी लगटून मागच्या दिशेने, म्हणजे गाड्या जिकडून येत होत्या तिकडे, आम्ही चालत गेलो. थोड्या अंतरावर कठडा संपत होता, तिथून पलीकडे गवतात शिरलो. मागच्या दिशेने का, हे भाचीने तेव्हाच विचारलं. बंद गाडीला कुणी धडक दिली तर ती पुढे फेकली जाते. म्हणून तिच्या पुढे उभं राहायचं नाही. तिच्या मागे, पण कठड्याच्या पलीकडे आणि जमिनीच्या चढावर जागा असेल तर तिथे. माणसं नेमकी उलटं करतात. गाडीच्या पुढे थांबतात, कारण तिथे तिचा आडोसा वाटतो.

फोन लागला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, “पुणे लेन का मुंबई लेन?” दुसरा, “किलोमीटर किती?” कडेच्या पाटीवरचा आकडा मी गाडी थांबवतानाच पाहून ठेवला होता. ‘घाटाच्या अलीकडे, फूड मॉलच्या पुढे’ अशा वर्णनावरून शोधत येणाऱ्याला लेन चुकली तर पुढे जाऊन फिरून यावं लागतं, आणि या रस्त्यावर मधेच कुठे वळता येत नाही. राष्ट्रीय महामार्गावर असू तर १०३३ ही मदतवाहिनी आहे, आणि कुठेही असलो तरी ११२ लागतो. पण नंबर कुठलाही फिरवला तरी आकडा आणि दिशा या दोन गोष्टी सांगता आल्या नाहीत तर मदत अंधारात चाचपडत राहते.

गस्तीची गाडी आली. तिच्यातून दोघे उतरले, दोघांच्याही अंगात चमकत्या पट्ट्यांची जाकिटं. ते आमच्या गाडीकडे लगेच आले नाहीत. आधी त्यांनी बऱ्याच मागून तिरक्या ओळीत शंकू मांडत आणले. मग एकजण गाडीपाशी वाकला आणि दुसरा त्याच्या मागे, रस्त्याकडे तोंड करून नुसता उभा राहिला. हातात बॅटरी, नजर येणाऱ्या दिव्यांवर. पंधरा मिनिटं तो माणूस दुसरं काही करत नव्हता. मी जवळ जायला लागले तसा तो मागे न वळताच म्हणाला, “ताई, तुम्ही आजींजवळच थांबा. गाडीचं आम्ही बघतो. आजी बसल्यात का? त्यांना बसायला काहीतरी द्या.” कामाची ही वाटणी मी तेव्हापासून विसरलेले नाही. रोज रस्त्यावर उभी राहणारी माणसं दोनांपैकी एक माणूस पूर्ण वेळ फक्त पाहण्यासाठी ठेवतात. आपण चौघं असलो तरी चौघंही बॉनेटमध्ये बघतो.

या माणसांबद्दल आपण फार कमी बोलतो. द्रुतगती मार्गावरची ‘देवदूत’ ही मदत पथकं, महामार्ग पोलीस, क्रेनवाले, अपघात कळला की अंगावरच्या कपड्यांनिशी धावणारी खोपोली-खंडाळ्याकडची तरुण मुलं. आपण बारा-पंधरा मिनिटं ज्या जागी जीव मुठीत धरून काढतो ती त्यांची कामाची जागा आहे, पावसाळ्यात आणि धुक्यातसुद्धा. त्यांनी शंकू मांडलेले दिसले की वेग कमी करून एक लेन सोडून द्यावी, एवढी त्यांची आपल्याकडून अपेक्षा असते. तीही पुरी होत नाही. शंकूंच्या शेवटच्या टोकापर्यंत दामटत येऊन मग आत घुसणाऱ्या गाड्या त्या रात्री मी गवतात उभ्या उभ्या पाहत होते.

आमच्याकडे खुणेच्या पद्धती रस्त्यानेच घडवल्या आहेत. मालट्रक बंद पडला की क्लीनर आधी चाकाला उटी, म्हणजे अडसर, लावतो, मग मागे दगडांची ओळ मांडतो आणि जवळच्या झाडाची फांदी तोडून ती शेपटासारखी मागे बांधतो. यात शहाणपण आहे. उटी तर लावलीच पाहिजे. घाटात नुसत्या हँडब्रेकवर विसंबू नये. हिरवी फांदी दिवसा लांबून दिसते आणि ती पाहिल्यावर पुढे गाडी बंद आहे हे कुठल्याही प्रांतातल्या चालकाला कळतं. पण रात्री पाला चमकत नाही आणि दगड तर दिसतच नाहीत. शिवाय ट्रक दुरुस्त झाला की निघून जातो आणि दगड तिथेच राहतात. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नशिबी ते दगड येतात. पुणे-सातारा रस्त्यावर, जुन्या मुंबई रस्त्यावर पहाटेच्या वेळी अशी नांगरणीतून वर आल्यासारखी दगडांची रांग मी अनेकदा पाहिली आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा आला आहे. ज्याने स्वतःच्या रक्षणासाठी ते मांडले त्याने निघताना ते उचलून कडेला टाकायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं न देणं हा माझ्या मते गुन्हा आहे, कायद्याच्या पुस्तकात त्याला काहीही म्हणोत.

मोटारीत लाल त्रिकोण असतो. बहुतेक गाड्यांत तो डिकीच्या तळाशी, कंपनीच्या पिशवीत, एकदाही न उघडलेला असतो, आणि त्याच्यावर सगळ्या घराचं सामान. तो जुळवायचा कसा, हे अंधारात बोटं थरथरत असताना शिकायला जाऊ नये. साध्या रस्त्यावर तो गाडीच्या मागे निदान पन्नास पावलांवर हवा. घाटात मात्र अंतर मोजण्यापेक्षा वळण बघावं. गाडी वळणाच्या पुढे बंद पडली असेल तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे पाहिजे, मग तो कितीही लांब जावो. वरंध, ताम्हिणी किंवा आंबोलीच्या रस्त्यावर वळणापलीकडे ठेवलेला त्रिकोण आणि ती गाडी दोन्ही एकाच क्षणी दिसतात, मग त्याचा उपयोग तो काय?

द्रुतगती मार्गावर मी त्रिकोण ठेवायला मागे चालत जाण्याच्या विरोधात आहे. ब्रिटनमध्ये आपल्यासारख्याच डाव्या बाजूने गाड्या चालतात. तिथल्या वाहतूक संहितेत साध्या रस्त्यावर त्रिकोण किमान ४५ मीटर मागे ठेवावा असं सांगितलं आहे, आणि मोटरवेवर तो ठेवूच नये असंही. कारण उघड आहे. त्या वेगाच्या रस्त्यावर तो ठेवायला चालत जाणारा माणूस हाच सगळ्यांत असुरक्षित. आपल्याकडे मात्र अजूनही घरातल्या तरण्या मुलाला ‘जा रे, पळत जाऊन ठेवून ये’ असं पाठवतात.

आणि चार इंडिकेटर. या दिव्यांचा अर्थ आपण सगळ्यांनी मिळून झिजवला आहे. चौकात सरळ जायचं असेल तर ते लावतात, बोगद्यात लावतात, लग्नाच्या वरातीत लावतात, आणि खंडाळ्याला धुकं उतरलं की प्रत्येक चालती गाडी ते लावून धावते. धुक्यात चालती गाडी आणि उभी गाडी यांत फरक कळणं हाच तर जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. समोर लुकलुकणारे दिवे दिसले तरी ती गाडी पुढे सरकते आहे की थांबली आहे हे जवळ जाईपर्यंत समजत नाही. धावत्या गाडीने धुक्यात मागचा फॉग दिवा किंवा साधे दिवे लावावेत आणि चार इंडिकेटर थांबलेल्या गाडीसाठी सोडावेत. ही सवय एकट्या-दुकट्याने बदलून भागणार नाही, पण सुरुवात कुणीतरी करायला हवी.

बायका एकट्या किंवा मुलांबरोबर प्रवास करत असतील तर दुसरी एक भीती असते, आणि तिला कमी लेखून चालणार नाही. गाडीबाहेर उभं राहिलं तर कोण येईल? आमच्या पिढीला दारं लावून आत बसायलाच शिकवलं आहे. मी यावर बराच विचार केला आहे. वाहत्या महामार्गावर मला वाहनांची भीती माणसांच्या भीतीपेक्षा खरी वाटते. तिथे गाडी कुलूप लावून सोडावी, कठड्यापलीकडे अंधारात उभं राहावं आणि फोनचा उजेड चेहऱ्यावर पडू देऊ नये. दिवे लुकलुकणाऱ्या गाडीजवळ कोण थांबतंय हे आपल्याला दिसतं आणि आपण कुणाला दिसत नाही. आत बसलेल्या माणसाला यातलं काहीच साधत नाही. पण ताम्हिणीसारख्या रस्त्यावर, जिथे रात्री बऱ्याच वेळाने एखादी गाडी जाते, तिथे मी उलट करेन. गाडी रस्त्यापासून पुरेशी आत घेता आली असेल तर दारं लावून आत बसेन, पट्टा बांधून. फक्त पावसाळ्यात दरडीखाली नाही. डोंगरातून बारीक खडे घरंगळत येत असतील तर ती जागा लगेच सोडायची.

गाडी मधल्या लेनमध्येच गचकली आणि हलेना, तर? हा सगळ्यांत कठीण प्रश्न आहे. दोन्ही बाजूंनी वाहनं धावत असतील तर उतरून पळणं म्हणजे मृत्यूला गाठायला जाणं. अशा वेळी पट्टा बांधलेला राहू द्यावा, मान सीटच्या टेकूला लावावी, सगळे दिवे लावावेत आणि ११२ ला फोन करावा. रस्ता खरंच मोकळा झाला, समोरून-मागून काही येत नाही असं स्वच्छ दिसलं, तरच सगळ्यांनी मिळून एका दमात डावीकडे जावं. गाडीला धक्का मारायला मात्र मागे उभं राहू नये. धक्का मारणं ही गल्लीतली गोष्ट आहे.

टायरबद्दल थोडं. चालत्या गाडीचा टायर फुटला की पाय आपोआप ब्रेककडे जातो, तो रोखायचा. दोन्ही हातांनी स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि गाडीला स्वतःच मंदावू द्यायचं. फुटलेला टायर डाव्या बाजूचा असेल आणि जागा सपाट, मोकळी असेल तर स्टेपनी लावायला हरकत नाही. उजव्या बाजूचा असेल तर द्रुतगती मार्गावर मी पान्याला हात लावणार नाही, कारण चाकापाशी उकिडवं बसलेल्या माणसाची पाठ थेट डाव्या लेनला लागलेली असते. त्याऐवजी रिमवर गाडी रखडत नेली आणि रिम गेली तरी चालेल. सुरक्षित जागा दोनशे मीटरवर असेल तर सावकाश तिथवर न्यावी. रिम नवी मिळते.

इंजिन तापण्याची भीती पूर्वी मोठी होती. जुन्या खंडाळा घाटात उन्हाळ्यात दर वळणावर एखादी फियाट किंवा ॲम्बेसेडर बॉनेट वर करून उभी असायची आणि चालक पाण्याचा डबा घेऊन झऱ्याकडे जायचे. आता हे क्वचित दिसतं, म्हणूनच नव्या चालकांना एक गोष्ट ठाऊक नसते. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आतलं पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झालं की दाब उतरतो आणि तेच पाणी वाफेसकट तोंडावर येतं. निदान अर्धा तास थांबावं. इंजिनावर थंड पाणी ओतू नये.

कडेला कुणाची गाडी बंद दिसली तर थांबावं का, असं लोक विचारतात. माणुसकी म्हणते, थांबावं. २०१६ ची घटना मनात असलेली मी म्हणते, वेगाच्या रस्त्यावर त्या गाडीच्या मागे किंवा पुढे आपली गाडी लावू नये. त्याने धडकायला आणखी एक वस्तू उभी राहते आणि आणखी चार माणसं रस्त्यावर येतात. पाटीवरचा किलोमीटर आणि लेन बघून पुढच्या टोलनाक्यावर सांगावं, किंवा शेजारी बसलेल्याला फोन करायला लावावा. ही मदत छोटी नाही. अपघात होऊन माणसं जखमी असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सुरक्षित जागा बघून थांबायलाच हवं. पोलिसांच्या चकरांच्या धास्तीने लोक मागे सरतात, पण २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने कलम १३४ अ आणलं आणि सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं. त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. साध्या रस्त्यावर, गावाजवळ, दिवसाउजेडी एखाद्या बंद गाडीजवळ थांबून पाणी विचारणं, पंक्चरवाल्याला धाडून देणं हे तर आपल्याकडे होतच आलं आहे आणि ते तसंच होत राहावं.

वाहन परवान्याच्या परीक्षेत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, गाडी मागे घ्यावी लागते, चिन्हं ओळखावी लागतात. गाडी बंद पडल्यावर कुठे उभं राहशील, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि भाचीलाही विचारलं नाही. तिला परवाना मिळाला त्या रविवारी आम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करून सगळं काढून बसलो. जॅक कुठे टेकवायचा त्याची खाच शोधली. उचलायच्या चाकाच्या तिरकस समोरच्या चाकाला वीट लावली. नट गाडी उचलायच्या आधी सैल करायचे असतात हे तिने करून पाहिलं, आणि एकही नट हलेना. गॅरेजमध्ये हवेच्या गनने ते इतके आवळलेले असतात की हाताच्या पान्याला दाद देत नाहीत. ती पान्याच्या दांड्यावर उभी राहिली तेव्हा पहिला नट करकरला. नंतर आम्ही कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडून चारही चाकांचे नट सोडवून पुन्हा हाताने आवळून घेतले. तो म्हणाला, “सगळ्यांनी असंच करून घ्यायला पाहिजे मॅडम, पण सांगतंय कोण?”

त्रिकोण तिने तीनदा जुळवला आणि मोडला. मग सामान परत भरताना तो डिकीत न टाकता पुढच्या सीटखाली सरकवला. बॅटरी दाराच्या कप्प्यात ठेवली. दोनशे-तीनशे रुपयांना मिळणारी चमकत्या पट्ट्यांची जाकिटं आम्ही आणून ठेवली होती. ती मागच्या सीटच्या खिशात गेली, कारण ती अंगात घालूनच दार उघडायचं असतं.